प्लाचीमडा प्रकरण: सगळे पाण्यावर भांडले, गाळाचं उत्तर कोणीच दिलं नाही

कोकाकोलाच्या भानगडी मॅनेजमेंटच्या वर्गात शिकवतात तेव्हा बहुतेक दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे १९९९ चं बेल्जियम, शाळकरी पोरं कोक पिऊन आजारी पडली, वरच्या साहेबांनी माफी मागायला उशीर केला आणि लाखो बाटल्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या. दुसरी म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांचा भेदभावाचा दावा, जो २००० मध्ये १९ कोटी २५ लाख डॉलर देऊन मिटवला. दोन्हीकडे कंपनी आधी अडून बसली, मग बदनामी वाढल्यावर नमली आणि शेवटी खिशात हात घातला. मला त्याच सुमाराला केरळात सुरू झालेलं प्लाचीमडाचं प्रकरण, म्हणजे कोकच्या कारखान्याने गावाचं पाणी आणि माती बिघडवल्याच्या आरोपांचं, जास्त शिकवणारं वाटतं, कारण तिथे खिशात हात घालायची वेळ आजपर्यंत आलेली नाही. कारखाना बंद होऊन वीस वर्षं उलटली, नुकसानभरपाईचा आकडा सरकारी कागदावर आहे, आणि पैसे शून्य.

आता गोष्ट मुळापासून. पालक्काड जिल्हा, चित्तूर तालुका (आंध्रातलं चित्तूर नव्हे), पेरुमाट्टी ग्रामपंचायत, तिच्यातलं प्लाचीमडा गाव. केरळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धो धो पाऊस येतो, पण हा भाग तमिळनाडूच्या सीमेला लागून, पर्जन्यछायेत, त्यामुळे बाकी केरळच्या मानाने पाऊस बराच कमी. शेती भात आणि नारळाची, कालव्याच्या आणि विहिरींच्या जिवावर. आणि या शेतात मजुरी करणारे इरवलर आणि मलसर आदिवासी, बहुतेक भूमिहीन, कारखान्याच्या आसपासच्या कॉलन्यांत राहणारे. अशा ठिकाणी हिंदुस्थान कोकाकोला बेव्हरेजेसने, म्हणजे कंपनीच्या भारतातल्या बॉटलिंग शाखेने, सुमारे ३४ एकर जमीन घेतली, जानेवारी २००० मध्ये पंचायतीने लायसन्स दिलं आणि मार्चमध्ये उत्पादन सुरूही झालं. पंचायतीला कर मिळणार, पोरांना नोकऱ्या मिळणार, सगळे खूश. कोणी विरोध केला नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर कंपनीच्या बाजूचे लोक ‘हे सगळं राजकीय आहे, परदेशी कंपनी म्हणून विरोध आहे’ असं म्हणायला लागले, तर तसं असतं तर पंचायतीने लायसन्सच दिलं नसतं.

तक्रारी सुरू व्हायला फार वेळ लागला नाही. विहिरींची पातळी खाली गेली ती एक गोष्ट, पण बायकांची पहिली बोंब होती ती पाणी बिघडल्याची. त्या पाण्यात भात शिजवला तर रंग बदलायचा आणि लवकर विटायचा, डाळ शिजता शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही, अंघोळ केली की अंग खाजायचं. पाणी तपासलं तेव्हा त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम इतकं निघालं की २००३ मध्ये तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राने ते पिण्यालायक नाही असं सांगून टाकलं. याचं एक स्पष्टीकरण असं दिलं गेलं की खोल बोअरमधून जोरात उपसा झाला की खालच्या खडकातले क्षार विरघळून वरच्या पाण्यात येतात. ज्यांच्या घरी नळ नाही, टाकी नाही, दारातली विहीर हीच सगळी पाणी योजना, त्यांचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. बायका दोन-दोन किलोमीटर हंडे घेऊन जायला लागल्या, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. कंपनीने मग टँकर सुरू केले. एकीकडे ‘आमच्यामुळे काही झालेलं नाही’ आणि दुसरीकडे रोजचा टँकर, हे चित्र जरा डोक्यात ठेवा.

२२ एप्रिल २००२ ला कारखान्याच्या गेटसमोर मांडव टाकून आंदोलन सुरू झालं. उद्घाटनाला आदिवासी नेत्या सी. के. जानू आल्या होत्या, पण चेहरा झाली ती तिथलीच मयिलम्मा, इरवलर समाजातली, शेतमजूर, शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. सुरुवातीला पंचायतही यांच्या बाजूने नव्हती, मोठे पक्षही नव्हते, पोलिसांनी उचलून नेलं ते वेगळंच. तरी मांडव हलला नाही.

लिटरचा हिशोब

इथून पुढे सगळं भांडण एका आकड्याभोवती फिरायला लागलं: रोज पाच लाख लिटर. कारखान्याच्या आवारात सहा बोअरवेल होत्या आणि साधारण एवढा उपसा होत होता. ऐकायला भयंकर वाटतं, दहा हजार लिटरचे पन्नास टँकर रोज. पण मी जरा कागद-पेन घेऊन बसलो. पाच लाख गुणिले ३६५, म्हणजे वर्षाला सव्वाअठरा कोटी लिटर. भाताच्या एका पिकाला ढोबळमानाने हजार ते दीड हजार मिलिमीटर पाणी लागतं, मधला १२०० धरला तर ३४ एकरांवर एक पीक काढायला साडेसोळा कोटी लिटर लागतील. म्हणजे कारखाना जेवढं पाणी ओढत होता तेवढं जवळपास त्याच जमिनीवर एखाद्या शेतकऱ्याने भात लावला असता तरी लागलं असतं! आंदोलनवाल्यांना हा हिशोब आवडणार नाही, पण तो लपवून प्रकरण समजत नाही.

फरक कुठे आहे? भाताच्या खाचरातलं बरंचसं पाणी खाली मुरून परत विहिरीला मिळतं, बाटलीतलं पाणी ट्रकमध्ये बसून जिल्ह्याबाहेर जातं. शेतकरी पावसाच्या आणि कालव्याच्या पाण्यावर भात घेतो, कारखाना ऐन एप्रिल-मेमध्ये सगळ्यात जास्त चालतो कारण कोल्ड्रिंक तेव्हाच खपतं, आणि नेमकी तेव्हाच विहीर तळाला गेलेली असते. शिवाय सहा बोअर एकाच जागी. त्यातच २००० नंतरची दोन-तीन वर्षं पाऊसही कमी झाला. म्हणून कंपनी म्हणाली पाऊस कमी, आंदोलन म्हणालं उपसा जास्त, आणि खरं सांगायचं तर दोन्ही एकाच वेळी खरं होतं. पण कंपनीचं या वादात एक बरं झालं. पाण्याच्या पातळीवर तज्ज्ञ कधीच एकमत होत नाहीत, एक अहवाल असा येतो, दुसरा तसा, आणि तोपर्यंत कारखाना चालू राहतो.

आणि मग गाळ

माझ्या मते या प्रकरणातली खरी नैतिक चूक इथे आहे आणि नेमकी हीच गोष्ट प्रत्येक वेळी मागे पडते. काचेच्या बाटल्या परत येतात, त्या कॉस्टिक सोड्याने धुतात, ते घाण पाणी ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेत, जातं आणि प्रक्रियेनंतर तळाला गाळ उरतो, स्लज म्हणतात त्याला. कुठल्याही कारखान्यात हा गाळ डोकेदुखी असते, कारण तो तपासून, नोंद करून, नेमून दिलेल्या जागी पुरायला पैसे लागतात. प्लाचीमडात तो आजूबाजूच्या शेतकऱ्यांना खत म्हणून दिला गेला. गावकऱ्यांचं म्हणणं की आधी पैसे घेऊन, मग फुकट, आणि शेतकऱ्यांनी नको म्हटल्यावर रस्त्याच्या कडेला. खत! म्हणजे ज्याची विल्हेवाट लावायला कंपनीचा खर्च झाला असता ती गोष्ट शेतकऱ्यावर उपकार म्हणून ढकलली.

जुलै २००३ मध्ये बीबीसी रेडिओच्या ‘फेस द फॅक्ट्स’ या कार्यक्रमाने हा गाळ ब्रिटनला नेऊन एक्सेटर विद्यापीठात तपासला, तर त्यात शिसं आणि कॅडमियम निघालं. कॅडमियम मूत्रपिंडात साचतं, मातीतून भातात उतरतं, आणि एकदा मातीत गेलं की काढणं जवळपास अशक्य. कंपनीने गाळ धोकादायक नाही असंच सांगितलं. पुढच्याच महिन्यात केरळच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने स्वतः नमुने घेतले, त्यातल्या एकात कॅडमियम मर्यादेच्या चौपट निघालं आणि गाळ वाटणं बंद करायचा आदेश निघाला. मग गंमत बघा, थोड्याच दिवसांनी तेच मंडळ नव्या अहवालात सगळं मर्यादेत आहे म्हणालं. आणि ऑगस्ट २००५ मध्ये पुन्हा त्याच मंडळाने उत्पादन करू द्यायला नकार दिला, कारण गाळात कॅडमियम येतं कुठून याचं समाधानकारक उत्तर कंपनीने दिलं नाही. एका मंडळाच्या दोन वर्षांत तीन भूमिका.

पावसावर बोट दाखवता येतं, शेजारच्या शेतकऱ्यांच्या पंपांवर दाखवता येतं, पण गाळ तुमच्याच टाकीतून निघाला, तुमच्याच गेटमधून बाहेर गेला, तुमच्याच माणसांनी वाटला. त्यात काय आहे हे वाटण्याआधी तपासायला एका चांगल्या लॅबचे किती पैसे लागले असते? कोक विकणाऱ्या कंपनीच्या हिशोबात तर चहापाण्याचा खर्च. आधी तपासायचं की नाही यात ना तज्ज्ञांचे मतभेद होते, ना कायद्याचा घोळ, निव्वळ एक निर्णय होता, आणि तो कोणीतरी माणसाने घेतला होता.

पंचायत आणि कोर्ट

हे चालू असतानाच, एप्रिल २००३ मध्ये, पेरुमाट्टी पंचायतीने लायसन्सचं नूतनीकरण नाकारलं. जी पंचायत सुरुवातीला आंदोलनापासून लांब होती तिनेच, हातचं उत्पन्न सोडून. कंपनी अपिलात गेली, राज्य सरकारने पंचायतीला आडवं घेतलं, मग प्रकरण केरळ हायकोर्टात.

१६ डिसेंबर २००३ चा न्यायमूर्ती के. बालकृष्णन नायर यांचा निकाल कायद्याच्या पोरांना आजही शिकवतात. भूजल ही जनतेची ठेव आहे, सरकार तिचं विश्वस्त आहे, त्यामुळे एका कंपनीला एवढा उपसा करू देता येणार नाही, एका महिन्यात उपसा थांबवा आणि ३४ एकरांचा मालक शेती-घरासाठी जेवढं घेईल तेवढंच घ्या. तोपर्यंत आपल्याकडे भूजलाचा सगळा विचार १८८२ च्या सुखाधिकार कायद्याच्या वळणाने चालायचा, ज्याची जमीन त्याचं खालचं पाणी. त्या वळणाने गेलं तर ज्याचा पंप मोठा तो राजा, आणि ज्याच्याकडे जमीनच नाही त्या आदिवासी मजुराचा पाण्यावर हक्क किती, तर काहीच नाही.

पण ७ एप्रिल २००५ ला दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने हा निकाल फिरवला. कोळिकोडच्या जलसंसाधन केंद्राचा अहवाल समोर ठेवून त्यांनी सांगितलं की पाऊस सरासरीइतका झाला तर रोज पाच लाख लिटरपर्यंत घ्यायला हरकत नाही. म्हणजे कायद्याच्या भाषेत कंपनी जिंकली. तरी कारखाना पुन्हा नीट चालू झाला नाही. राज्य सरकारने दुष्काळामुळे फेब्रुवारी २००४ मध्ये उपशावर बंदी घातली होती, मार्च २००४ मध्ये यंत्रं थांबली होती, नंतर पंचायत अटी घालत राहिली, प्रदूषण मंडळ परवानगी देईना आणि गेटवरचा मांडव तसाच. नोव्हेंबर २००५ मध्ये सरकारने चित्तूर भाग अतिउपसा झालेला म्हणून जाहीरही केला. सुप्रीम कोर्टातलं अपील २०१७ पर्यंत पडून राहिलं आणि शेवटी कंपनीनेच सांगितलं की आम्हाला तिथे उत्पादन सुरू करायचं नाही, झालं, प्रकरण निकाली. भूजल नक्की कोणाचं हा प्रश्न त्यामुळे सुप्रीम कोर्टाने या प्रकरणात सोडवलाच नाही.

कंपनीला ऐकू कोणाचं आलं

मधल्या काळात दिल्लीत वेगळंच पेटलं. ऑगस्ट २००३ मध्ये सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट) या पर्यावरण संस्थेने कोक-पेप्सीच्या बाटल्यांत कीटकनाशकं असल्याचं जाहीर केलं, संसदेच्या कँटीनमधून कोल्ड्रिंक बंद झालं, शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली आणि तिने फेब्रुवारी २००४ मध्ये सीएसईचे निष्कर्ष बरोबर असल्याचं मान्य केलं. कंपनी तेव्हा खडबडून जागी झाली, पत्रकार परिषदा काय, जाहिराती काय, कारण हा गिऱ्हाइकाच्या पोटाचा प्रश्न होता. प्लाचीमडाच्या बायका गिऱ्हाईक नव्हत्या.

परदेशातूनही दबाव आला. जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठाने भारत आणि कोलंबियातल्या आरोपांमुळे कोकची खरेदी थांबवली. करार सुमारे १४ लाख डॉलरचा, कंपनीसाठी किरकोळ, पण पोरं इतर कॉलेजांतही हाच विषय काढायला लागली आणि काही महिन्यांत कंपनी भारतातल्या कारखान्यांची स्वतंत्र पाहणी करायला तयार झाली. टेरी या दिल्लीच्या संशोधन संस्थेने ती केली, जानेवारी २००८ मध्ये अहवाल आला, त्यात राजस्थानातल्या काला डेरा कारखान्याबद्दल स्पष्ट लिहिलं होतं की पाणी बाहेरून आणा, नाहीतर कारखाना हलवा किंवा बंद करा. तो कारखाना त्यानंतर आठ वर्षं चालला, २०१६ मध्ये बंद झाला. चौकशीला होकार आणि निष्कर्षाला ठेंगा, अशी ही जबाबदारी.

आता २००७. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख नेव्हिल इसडेल यांनी बीजिंगमध्ये जाहीर केलं की आम्ही जेवढं पाणी वापरतो तेवढं निसर्गाला परत देऊ. २०२० चं लक्ष्य होतं, २०१५ मध्येच पूर्ण झालं असं कंपनीने सांगितलंही. मला या कामाला खोटं म्हणायचं नाही, तळी खोदली, बंधारे बांधले, काही ठिकाणी खरंच फायदा झाला असेल. पण हिशोब कसा मांडलाय ते बघा. बाटलीत भरलेल्या पेयाइतकं पाणी जगात कुठेतरी परत दिलं की जमा-खर्च जुळला. साखरेसाठी उसाला लागलेलं पाणी या हिशोबात नाही, आणि परत दिलेलं पाणी त्याच विहिरीत गेलं पाहिजे अशी अट नाही. एका खोऱ्यातलं पाणी उचलून दुसऱ्या खंडात भरलं तर कंपनीचा ताळेबंद जुळतो, मयिलम्माची विहीर नाही. ती तर या घोषणेच्या पाच महिने आधी, जानेवारी २००७ मध्ये गेली.

भरपाईचं काय झालं

राज्य सरकारने अतिरिक्त मुख्य सचिव के. जयकुमार यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमली. मार्च २०१० मध्ये तिने अहवाल दिला: शेती, पाणी, आरोग्य, बुडालेली मजुरी असं धरून २१६ कोटींहून जास्त नुकसान, त्यात शेतीचा वाटा सगळ्यात मोठा. ते कंपनीकडून वसूल व्हावं. कंपनीने निष्कर्ष फेटाळले. फेब्रुवारी २०११ मध्ये विधानसभेने भरपाईचे दावे ऐकणाऱ्या खास लवादाचं विधेयक एकमताने मंजूर केलं, म्हणजे डावे-काँग्रेस सगळे एकत्र, केरळात हे रोज घडत नाही. विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेलं आणि जवळपास पाच वर्षं तिथेच राहून संमतीविना परत आलं. केंद्राच्या आक्षेपांतला एक असा की अशा दाव्यांसाठी राष्ट्रीय हरित लवाद आहे, वेगळा कशाला.

वरवर बरोबर वाटतं. पण हरित लवादाच्या कायद्यात भरपाईचा दावा कारण घडल्यापासून पाच वर्षांत लावायची अट आहे. कारखाना थांबला मार्च २००४ मध्ये, हरित लवाद सुरू झाला २०१० च्या ऑक्टोबरमध्ये. म्हणजे ज्या दाराकडे बोट दाखवलं ते या लोकांसाठी उघडायच्या आधीच बंद झालेलं होतं!

बेल्जियममध्ये कंपनीसमोर गिऱ्हाईक होतं, अटलांटामध्ये, म्हणजे कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरात, भेदभावाच्या दाव्यात वकील लावू शकणारे पगारदार होते, मिशिगनमध्ये ऑर्डर रद्द करणारं विद्यापीठ होतं. पेरुमाट्टीत यातलं काहीच नव्हतं. आणि आपल्या सीएसआर कायद्यानेही यात फरक पडत नाही. २०१४ पासून ठराविक आकाराच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे आहेत, पण तो नियम नफा झाल्यावर काय करायचं ते सांगतो, गाळ कुठे टाकून तो नफा झाला हे विचारत नाही.

वर्गात हे प्रकरण चर्चेला घेणार असाल तर पोरांना ‘कोक चांगली की वाईट’ असं विचारू नका, अर्धा तास वाया जाईल. त्यांना २००२ च्या एप्रिलमधल्या कारखान्याच्या मॅनेजरच्या खुर्चीत बसवा. गेटवर मांडव पडलाय, दिल्लीतलं ऑफिस म्हणतंय दोन आठवड्यांत लोक कंटाळतील, विहिरींचा कागद अजून कोणी मागितलेला नाही, आणि मागच्या बाजूला गाळाची ट्रॉली भरून उभी आहे, शेतकरी न्यायला आलाय. उन्हाळ्याचं टार्गेट डोक्यावर. या घडीला गाळ तपासायला पाठवणं, उन्हाळ्यापुरता उपसा अर्ध्यावर आणणं, विहिरींचे आकडे दर महिन्याला पंचायतीच्या फळ्यावर लावणं, हे तिन्ही त्याच्या किंवा फार तर त्याच्या वरच्या साहेबाच्या हातात होतं आणि तिन्ही मिळून खर्च कितीसा आला असता? आणि मग विचारा की त्याने हे केलं असतं तर त्याचं प्रमोशन झालं असतं का. माझा अंदाज, नसतं झालं. त्याचा पगार वाढवणारे आकडे सगळे बाटल्यांचे होते.

सध्याची स्थिती अशी की २०२३ मध्ये कंपनीने ती जमीन, ३५ एकरांच्या आसपास, इमारतीसकट राज्य सरकारला देण्याची तयारी दाखवली. गावातल्या संघर्ष समितीचं म्हणणं, जमीन घ्या पण ती भरपाई म्हणून धरू नका, लवादाचा कायदा पुन्हा आणा. २१६ कोटी हा २०१० चा आकडा आहे, त्यावर व्याज कोणी अजून लावलेलं नाही.